मोकळं टोक

अमेरिकेतल्या न्यू हेवन या गावी १९१४ च्या सुमारास थॉमस ऑस्बोर्न आणि लाफायेट मेंडेल हे दोन शास्त्रज्ञ उंदरांना मोजूनमापून खाऊ घालत होते. पिष्ट, चरबी, क्षार सगळं पोटभर, पण प्रथिन मात्र एकच, गव्हातून वेगळं काढलेलं ग्लायडिन. त्या उंदरांची तऱ्हा विलक्षण होती. ते मरत नव्हते, आजारीही दिसत नव्हते. फक्त वाढत नव्हते. महिने लोटले तरी पिल्लू ते पिल्लूच. मग त्याच खाण्यात लायसीन नावाचा पदार्थ थोडासा मिसळला आणि थांबलेली वाढ सुरू झाली. मक्यातलं झेन हे प्रथिन दिलं तेव्हा तर उंदीर वजनही टिकवू शकत नव्हते. त्यात ट्रिप्टोफॅन हा आणखी एक पदार्थ घातला तेव्हा तग धरू लागले, आणि लायसीनही घातलं तेव्हा कुठे वाढू लागले.

लायसीन त्या वेळी नवं नव्हतं. एडमुंड ड्रेक्सेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दुधातल्या केसीनपासून ते वेगळं केलं होतं, आणि १९०२ मध्ये एमिल फिशर व फ्रिट्झ वायगर्ट यांनी ते प्रयोगशाळेत बनवून त्याची रचना पक्की केली होती. ऑस्बोर्न-मेंडेल यांनी दाखवलेली गोष्ट निराळी होती. ताटात प्रथिन किती आहे एवढं विचारून भागत नाही. ते कशाचं बनलं आहे हेही विचारावं लागतं.

आपल्या शरीरातली प्रथिनं मुख्यतः वीस प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात. त्यांपैकी नऊ आपल्याला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. लायसीन हे त्या नवांपैकी एक. सगळ्या अमिनो आम्लांचा कणा जवळपास सारखाच असतो, फरक असतो तो बाजूला निघालेल्या शेपटीत. लायसीनची शेपटी ओळीने चार कार्बन अणूंची, लांब आणि लवचिक, आणि तिच्या टोकाला नायट्रोजन असलेला एक अमिनो गट. प्रथिनाची साखळी विणली जाते तेव्हा कण्यावरचे गट एकमेकांत गुंतून जातात, पण शेपटीचं टोक मोकळंच राहतं. शरीरातल्या पाण्यात ते एक हायड्रोजन आयन उचलून धनप्रभारित होतं. त्याला दुसरं काही चिकटवता येतं, चिकटवलेलं काढताही येतं. या प्रकरणात पुढे जे काही येणार आहे, भाकरीपासून कर्करोगापर्यंत, त्यातलं बहुतेक सगळं या एका मोकळ्या टोकापाशी घडतं.

सुरुवात ताटापासूनच करू. वनस्पती, जिवाणू आणि बुरशी लायसीन स्वतः तयार करतात. प्राण्यांना ते जमत नाही. मग वनस्पतीच खाल्ल्या तर प्रश्न कुठे येतो? प्रश्न येतो बियांमध्ये. पानातल्या प्रथिनांत लायसीन बऱ्यापैकी असतं. धान्याच्या दाण्यात मात्र अंकुरासाठी साठवून ठेवलेलं जे प्रथिन असतं, म्हणजे गव्हातलं ग्लायडिन, मक्यातलं झेन, ज्वारीतलं काफिरिन, ते पाण्यात न विरघळणारं आणि घट्ट रचून ठेवलेलं असतं. प्रभार असलेल्या, पाण्याकडे ओढ घेणाऱ्या लायसीनला त्यात जवळजवळ जागाच नसते. अंकुराला त्याने काही बिघडत नाही, कारण त्याला लागेल तेवढं लायसीन तो स्वतः बनवून घेतो. आपली मात्र पंचाईत होते.

ही पंचाईत किती मोठी, ते ढोबळ आकड्यांत बघू. शंभर ग्रॅम प्रथिनामागे दुधात लायसीन सुमारे ८ ग्रॅम, तुरीच्या डाळीत ७ च्या आसपास, तांदळात साडेतीन ते पावणेचार, गव्हात अडीच, आणि ज्वारीत दोनाच्या थोडंसं वर. प्रथिन बांधताना पेशीला वीसही अमिनो आम्लं एकाच वेळी हाताशी लागतात. एक कमी पडलं की बाकीची असून उपयोग नाही. शंभर सदऱ्यांचं कापड घरात आहे आणि गुंड्या साठच सदऱ्यांना पुरतील एवढ्या आहेत, तर सदरे साठच होणार. फरक इतकाच की उरलेलं कापड कपाटात ठेवता येतं. शरीराला उरलेली अमिनो आम्लं साठवता येत नाहीत, ती जाळून टाकावी लागतात.

पंचावन्न किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण १६५० मिलिग्रॅम लायसीन लागतं. त्याने दिवसभरात ४०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या, म्हणजे चांगल्या पाच-सहा, तर त्यातून मिळतात जेमतेम ९०० मिलिग्रॅम. उरलेले साडेसातशे कोरड्या भाकरीवर आणि मिरचीच्या ठेच्यावर भरून निघत नाहीत. पन्नास ग्रॅम तूरडाळीचं वरण असेल तर भरून निघतात. पिठल्यानेही बरंच काम होतं, कारण हरभऱ्यातही लायसीन भरपूर आहे. एक कपभर दूध चारपाचशे मिलिग्रॅम देतं, एक अंडं जवळपास तेवढंच. उलट डाळीत मेथिओनीन हे अमिनो आम्ल कमी आणि ते धान्यात आहे, म्हणून दोघांची जोडी. भाकरी-पिठलं, वरण-भात, खिचडी, थालीपीठ या जोड्या आपल्याकडे रसायनशास्त्राच्या किती तरी आधीपासून आहेत. पण नुसतं त्याचं कौतुक करून थांबणं मला पटत नाही. जोडीतलं धान्य रेशनवर स्वस्तात किंवा फुकट मिळतं आणि डाळ बाजारभावाने घ्यावी लागते. म्हणून गरिबाघरी वरण पातळ होत जातं आणि भाताचा ढीग वाढत जातो. पोट भरतं, लायसीन पुरत नाही. वाढत्या मुलाच्या बाबतीत हा फरक उंचीत उतरतो.

वर मी दिलेला १६५० चा आकडाही सहज आलेला नाही. त्यामागे एक वाद आहे आणि त्याचा निकाल लावण्यात भारताचा मोठा वाटा आहे. विल्यम रोझ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४० आणि ५० च्या दशकांत इलिनॉय विद्यापीठातल्या तरुण विद्यार्थ्यांवर आहाराचे प्रयोग करून कोणती अमिनो आम्लं आवश्यक आणि ती किती लागतात, हे ठरवलं. पद्धत होती नायट्रोजनच्या ताळेबंदाची: खाण्यातून आत किती गेला, मलमूत्रातून बाहेर किती आला. अशाच ताळेबंदांवरून १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि सहयोगी संस्थांच्या अहवालाने प्रौढांची लायसीनची गरज वजनाच्या दर किलोमागे दिवसाला फक्त १२ मिलिग्रॅम धरली. त्या हिशेबाने नुसत्या पोळी-भाकरीवर जगणाऱ्यालाही लायसीन कमी पडत नव्हतं. अर्थात भारतासारख्या देशात प्रथिनाच्या दर्जाची काळजी करण्याचं कारणच उरत नव्हतं.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले व्हर्नन यंग यांना हा आकडा मान्य नव्हता. नायट्रोजनच्या ताळेबंदात घामातून, त्वचेतून होणारी गळती निसटते आणि गरज आहे त्यापेक्षा कमी दिसते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेतले डॉ. अनुरा कुरपाड आणि त्यांचे सहकारी यांनी यंग यांच्यासोबत हा प्रश्न भारतीय माणसांवरच तपासला. कार्बनचा किरणोत्सर्गी नसलेला, किंचित जड असा समस्थानिक बसवलेलं दुसरं एक अमिनो आम्ल द्यायचं आणि उच्छ्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये तो किती येतो ते चोवीस तास मोजायचं, अशी त्यांची पद्धत. लायसीन कमी पडलं तर ते दुसरं अमिनो आम्लही प्रथिनात बसू शकत नाही, जळून जातं आणि श्वासात दिसतं. लायसीन पुरेसं झालं की जळणं कमी होऊन एका पातळीवर स्थिरावतं. ती पातळी आली किलोमागे ३० मिलिग्रॅमला. म्हणजे जुन्या आकड्याच्या अडीच पट. २००७ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने हा आकडा स्वीकारला.

याच गटाचं पुढचं काम मला अधिक महत्त्वाचं वाटतं. दीर्घकाळ अर्धपोटी राहिलेल्या भारतीय पुरुषांची गरज त्यांनी मोजली, तेव्हा ती ४४ मिलिग्रॅमच्या आसपास निघाली. ज्याला सगळ्यात कमी मिळतं त्यालाच सगळ्यात जास्त लागतं. कारण शोधताना आतड्यातले कृमी समोर आले. जंतावर उपचार केल्यावर गरज खाली आली. तेव्हा लायसीनचा प्रश्न फक्त डाळीच्या भावाचा नाही. शौचालयाचा, स्वच्छ पाण्याचा आणि शाळेत वाटल्या जाणाऱ्या जंताच्या गोळीचाही आहे.

दाण्यातच लायसीन वाढवता आलं तर? हा विचार अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात फळाला आला. एडविन मर्ट्झ, ऑलिव्हर नेल्सन आणि लिन बेट्स यांनी १९६४ मध्ये मक्याचा ‘ओपेक-२’ हा वाण प्रसिद्ध केला. त्याचे दाणे चकचकीत न दिसता खडूसारखे धुरकट दिसत आणि त्यात लायसीन नेहमीच्या जवळपास दुप्पट होतं. एका जनुकातल्या दोषामुळे झेन कमी तयार होत होतं आणि त्याची जागा लायसीन असलेली इतर प्रथिनं घेत होती. भूक संपवणारं पीक सापडलं असं अनेकांना वाटलं. शेतकऱ्यांना तसं वाटलं नाही. दाणा मऊ, म्हणून कीड लवकर लागे. वजन कमी भरे. वाळायला वेळ लागे. त्यांचा नकार रास्तच होता. पोषण कितीही चांगलं असलं तरी कणगीत टिकत नाही ते धान्य कोण पेरील? मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय मका-गहू संशोधन केंद्रात सुरिंदर वासल हे भारतीय पैदासकार आणि एवान्हेलिना व्हिएगास या मेक्सिकन रसायनशास्त्रज्ञ यांनी या मक्यावर पुढे कित्येक वर्षं काम केलं. पिढ्यामागून पिढ्या निवड करत त्यांनी लायसीन टिकवून दाणा पुन्हा टणक केला. त्यांना २००० सालचं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं.

आपल्या दृष्टीने जवळची गोष्ट ज्वारीची. पर्ड्यूतच रामेश्वर सिंग आणि जॉन अ‍ॅक्स्टेल यांनी ज्वारीच्या जगभरच्या हजारो नमुन्यांतून १९७३ मध्ये इथिओपियातले दोन वाण शोधून काढले. त्यांत लायसीन बरंच जास्त होतं. दाणे सुरकुतलेले, उतारा कमी. अडचण मक्यासारखीच, पण ज्वारीला मक्याइतके पैसे आणि माणसं मिळाली नाहीत. सोलापूर-अहिल्यानगरकडे आजही भाकरी होते ती लायसीन कमी असलेल्या ज्वारीचीच, आणि माझ्या मते ही कृषी संशोधनातली एक अर्धवट सोडलेली वाट आहे.

अन्नात असलेलं लायसीनही सगळं पदरात पडतंच असं नाही. लुई कामिल मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये एक अभिक्रिया वर्णिली. साखर आणि अमिनो आम्ल एकत्र तापवली की ती जोडली जातात, रंग तपकिरी होतो आणि भाजल्याचा खमंग वास सुटतो. पावाचा वरचा पापुद्रा, खरपूस खवा, भाजलेलं बेसन, सगळीकडे हीच अभिक्रिया. प्रथिनात साखरेला धरायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे लायसीनचं मोकळं टोक. एकदा ते साखरेने धरलं की पचनाची विकरं ते सोडवू शकत नाहीत. घरच्या भाकरीवरच्या डागांनी काही बिघडत नाही, तिथे नुकसान वरच्या थरापुरतंच असतं. दुधाची भुकटी दमट गोदामात फार काळ पडून राहिली तर मात्र लायसीन खरोखर घटतं, कारण दुधात प्रथिन आणि साखर शेजारी-शेजारीच असतात. मधुमेहात हीच अभिक्रिया शरीराच्या आत, मंद गतीने चालू असते. रक्तातली साखर जास्त काळ चढी राहिली की ती रक्तवाहिन्यांच्या आणि डोळ्यातल्या भिंगाच्या प्रथिनांवरच्या लायसीनला चिकटते, आणि प्रथिनं ताठर होत जातात.

कोंबड्यांना आणि डुकरांनाही लायसीन बाहेरूनच लागतं. त्यासाठी ते आता जिवाणूंकडून करून घेतलं जातं. कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम हा जिवाणू जपानमध्ये १९५० च्या दशकात सापडला, त्याचे लायसीन बाहेर टाकणारे वाण निवडले गेले, आणि आज जगात दरवर्षी वीस लाख टनांपेक्षा जास्त लायसीन मोठमोठ्या टाक्यांमध्ये साखर आंबवून तयार होतं. ते बहुतेक सगळं पशुखाद्यात जातं. या धंद्यात नव्वदच्या दशकात कंपन्यांनी संगनमताने भाव ठरवले आणि १९९६ मध्ये अमेरिकेत त्याबद्दल विक्रमी दंड झाला.

आता शरीराच्या आत. हाडं, कातडी, कंडरा यांना बळकटी देणारं कोलॅजन हे प्रथिन दोरासारखं असतं, पण दोर एकमेकांना बांधल्याशिवाय ताण सोसत नाहीत. ती बांधणी लायसीनच्या टोकांतून होते. तांब्यावर चालणारं एक विकर ही टोकं बदलून परस्परांशी जोडतं. काही लायसीनवर आधी ऑक्सिजन चढवावा लागतो, त्याला क जीवनसत्त्व लागतं. स्कर्व्ही झालेल्या खलाशांच्या हिरड्या सुटत आणि जुन्या जखमा उकलत, त्यामागे या बिघडलेल्या बांधणीचाही वाटा होता. गोड वासाची फुलं येणाऱ्या शोभेच्या वाटाण्याच्या बियांतलं एक रसायन तांब्याचं ते विकर बंद पाडतं आणि प्राण्यांची हाडं वेडीवाकडी होतात. आपल्याकडची लाखोळी डाळ त्याच कुळातली; तिच्याने पाय लुळे पडण्याचा जो विकार होतो तो मात्र वेगळ्या विषाने, मज्जासंस्थेवर होणारा आहे. दोन्हींना एकच नाव मिळाल्याने पुष्कळ घोळ होतो. चरबी जाळण्यासाठी तिला पेशीतल्या तंतुकणिकांत नेणारं कार्निटीनही लायसीनपासूनच बनतं. आणि हे वाक्य तुम्ही वाचता आहात तेही लायसीनमुळेच. डोळ्याच्या पडद्यातला, अ जीवनसत्त्वापासून बनलेला प्रकाश टिपणारा रेणू ऱ्होडॉप्सिन या प्रथिनातल्या एका ठरावीक लायसीनच्या टोकाला बांधलेला असतो.

इतक्या उपयोगी पदार्थाचं उरलेलं प्रमाण शरीर मोडून टाकतं, आणि ते मोडणं बिघडलं की काय होतं याचं उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात मिळालं. तिथे आमिश लोक राहतात, घोडागाडी वापरणारे, आपसातच लग्नं करणारे. त्यांच्यात काही मुलं सहा महिन्यांची, वर्षाची होईपर्यंत चांगली असत, डोकं तेवढं जरा मोठं. मग साधा ताप यायचा, जुलाब व्हायचे, आणि एका रात्रीत मूल हातपाय वाकडे होऊन कायमचं अंथरुणाला खिळायचं. डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणत. होम्स मॉर्टन या बालरोगतज्ज्ञाने १९८८ मध्ये अशा मुलाच्या लघवीत ग्लुटारिक आम्ल भरपूर असल्याचं पाहिलं. हा रोग कोलोराडोतल्या स्टीफन गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये वर्णिला होता, पण तो जगात अत्यंत विरळ मानला जाई. मॉर्टन आमिशांच्या घरोघरी गेले आणि तो तिथे मुळीच विरळ नसल्याचं त्यांना दिसलं.

लायसीन मोडण्याच्या साखळीतलं एक विकर या मुलांत जन्मतः नसतं. साखळी मध्येच अडते आणि ग्लुटारिक आम्ल साचतं. ते मेंदूतही तयार होतं आणि तिथून सहज बाहेर पडू शकत नाही. तापात मूल खात नाही, तेव्हा शरीर स्वतःचे स्नायू मोडून ऊर्जा मिळवतं. त्यातून लायसीनचा लोंढा सुटतो आणि हालचालींवर ताबा ठेवणारा मेंदूचा खोल भाग काही तासांत जळून जातो. मॉर्टन यांनी १९८९ मध्ये त्या लोकांतच दवाखाना काढला. त्याची लाकडी इमारत आमिशांनी स्वतः उभारून दिली. उपचार ऐकायला साधा आहे: जन्मताच रक्ताच्या थेंबावरून निदान, पहिली काही वर्षं लायसीन मोजून दिलेलं दूध, कार्निटीन, आणि ताप आला की वाट न पाहता शिरेतून ग्लुकोज. आधी जवळपास प्रत्येक मूल अधू होत असे. आता बहुतेक मुलं धावतात. लायसीन पूर्ण बंद करता येत नाही, कारण मग मूल न्यू हेवनच्या उंदरांसारखं खुंटेल. जास्त झालं तर मेंदू जातो, कमी झालं तर वाढ जाते, आणि मधली अरुंद वाट आईला रोज दुधाच्या बाटलीत मोजावी लागते. भारतात हा रोग असलेली मुलं जन्मतात, पण प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतला रक्ताचा थेंब तपासण्याची सोय आपल्याकडे अजून सर्वत्र नाही. म्हणून इथे निदान बहुधा इजा होऊन गेल्यावर होतं. टाळता येण्यासारखं अपंगत्व असं नाहक पदरी यावं, ही खरोखर दुःखाची गोष्ट आहे.

याच साखळीतला आणखी एक दुवा तुटला तर बाळाला जन्मतःच झटके येतात. फिटच्या कुठल्याही औषधाने ते थांबत नाहीत, ब६ जीवनसत्त्वाने थांबतात. १९५४ पासून डॉक्टरांना हे माहीत होतं, कारण कळायला २००६ उजाडलं. लायसीनच्या मोडतोडीतला अडकून पडलेला एक रेणू ब६ चं सक्रिय रूप पकडून निकामी करतो. आहारात जीवनसत्त्व पुरेसं असूनही मेंदूला ते मिळत नाही.

आता पेशीच्या केंद्रात जाऊ. डीएनए ऋणप्रभारित असतो, आणि त्याला गुंडाळून ठेवणारी हिस्टोन ही प्रथिनं लायसीनने भरलेली असतात. धन-ऋण आकर्षणाने डीएनए हिस्टोनभोवती घट्ट बसतो. रॉकफेलर संस्थेतल्या व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्ये सुचवलं की या लायसीनच्या टोकाला ॲसिटिल गट लावला की त्याचा धनप्रभार जातो, पकड ढिली होते आणि तिथलं जनुक वाचता येतं. तीस वर्षं ही कल्पना कडेला पडून होती, कारण ती टोकं बदलणारी विकरं हाती लागत नव्हती. १९९६ मध्ये डेव्हिड ॲलिस यांच्या गटाला ॲसिटिल चढवणारं विकर एका एकपेशीय जीवात सापडलं, त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाला ते उतरवणारं. मग लोंढाच सुरू झाला. आज माहीत आहे की एकाच लायसीनवर ॲसिटिल बसलं की एक अर्थ होतो, मिथिल बसलं की दुसरा, आणि मिथिलही एक, दोन की तीन यावर अर्थ बदलतो. यकृताची पेशी आणि मज्जापेशी यांचा डीएनए एकच असतो, पण लायसीनच्या टोकांवरच्या खुणा वेगळ्या.

या खुणा पुसल्या की काय होतं, हे २०१२ मध्ये लहान मुलांच्या मेंदूच्या एका जीवघेण्या कर्करोगात दिसलं. मेंदूच्या मुळाशी होणाऱ्या या गाठींपैकी बहुसंख्य गाठींत एच३ हिस्टोनमधल्या २७ क्रमांकाच्या लायसीनच्या जागी मेथिओनीन आलेलं असतं. एच३ बनवणारी जनुकं डझनाहून जास्त, बिघाड त्यातल्या एकाच प्रतीत. तरीही ते बदललेलं हिस्टोन मिथिल चढवणाऱ्या विकराला अडवतं आणि बाकीच्या निरोगी हिस्टोनांवरच्या खुणाही जवळपास सगळीकडून ओसरतात. त्याच विकराचा अतिरेक दुसऱ्या काही कर्करोगांत असतो. तिथे त्याला रोखणाऱ्या टॅझेमेटोस्टॅट या औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. एकीकडे विकर कमी पडणं घातक, दुसरीकडे जास्त होणं घातक.

जुनी, बिघडलेली प्रथिनं पेशी मोडीत काढते तेव्हाही खूण लायसीनवरच लागते. युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन तिथे चिकटतं, त्याच्या लायसीनवर दुसरं, त्यावर तिसरं, आणि अशी साखळी लागलेलं प्रथिन तुकडे करणाऱ्या यंत्रणेकडे जातं. यासाठी ॲरन चेखानोवर, अव्राम हेर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता औषधांकडे. ओठावर येणाऱ्या नागिणीच्या जातीच्या फोडांवर लायसीनच्या गोळ्या खूप विकल्या जातात. नेटक्या पद्धतीने केलेल्या पाहण्या एकत्र करून बघितलं तर त्यांचा फायदा सिद्ध होत नाही. पैसे डाळीवर खर्च करावेत. लायसीनपासून निघालेलं एक औषध मात्र खरोखर लाखो जीव वाचवण्याच्या तोलाचं आहे, आणि ते शोधणारी स्त्री तिच्या कामाच्या मानाने फारच कमी लोकांना माहीत आहे.

उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पडक्या जपानमध्ये रक्तस्रावावर काम सुरू केलं. साधनं नव्हती, पैसे नव्हते. तान्ह्या मुलीला पाठीशी बांधून उताको प्रयोगशाळेत उभ्या राहत. बाळंतपणात अति रक्त जाऊन बायका मरतात ते थांबवावं, हा त्यांचा हेतू होता. रक्ताची गाठ विरघळवणारं प्लाझमिन हे विकर गाठीतल्या तंतूंवर असलेल्या लायसीनच्या टोकांना धरून काम करतं. ओकामोतो दांपत्याला आढळलं की सुटं लायसीन भरपूर दिलं तर प्लाझमिन थोडंसं अडतं. मग त्यांनी लायसीनच्या कण्यावरचा अमिनो गट काढून शेपटीचा तेवढा ठेवला, आणि परिणाम वाढला. पुढे तीच लांबी राखून त्यांनी सांगाडा कडक केला. १९६२ मध्ये जाहीर झालेलं ते औषध, ट्रानेक्झॅमिक ॲसिड, आधीच्यापेक्षा सत्तावीस पट प्रभावी होतं. प्लाझमिनला ते लायसीनच वाटतं. धरायची जागा ते व्यापून बसतं आणि गाठ टिकते.

प्रसूतितज्ज्ञांना बाळंतिणींवर त्याची चाचणी घ्यायला उताको राजी करू शकल्या नाहीत. औषध दात काढताना, जास्त पाळी जाते तेव्हा वापरात आलं. आपल्याकडे मासिक रक्तस्रावासाठी ते आज सर्रास लिहून दिलं जातं. अर्धशतक गेलं. लंडनच्या इयन रॉबर्ट्स यांच्या गटाने अपघातातल्या जखमींवर मोठी चाचणी घेतली, ४० देशांत २०,२११ रुग्ण, भारतातलेही पुष्कळ. २०१० मध्ये निष्कर्ष आला की औषधाने मृत्यू कमी होतात. मग बाळंतिणींची पाळी आली. २१ देशांतल्या २०,०६० स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल २०१७ मध्ये लागला. प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत औषध दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एकतृतीयांशाने घटतात. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. उताको ओकामोतो २०१६ मध्ये, ९८ व्या वर्षी वारल्या होत्या.

औषध स्वस्त आहे, पेटंट कधीच संपलं आहे. अडचण आहे ती सुईची. शिफारस केलेला डोस शिरेतून सावकाश द्यावा लागतो, आणि दिरंगाईच्या दर पंधरा मिनिटांमागे फायदा सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो. गडचिरोलीच्या एखाद्या उपकेंद्रात रात्री प्रसूती करणाऱ्या परिचारिकेने शीर शोधून सलाइन लावावं, की स्नायूत साधं इंजेक्शन द्यावं? स्नायूत दिलेलं औषधही काही मिनिटांतच रक्तात पुरेशा पातळीला पोचतं, हे दिसलेलं आहे. रक्त जायला लागण्याच्या आधीच, प्रसूतीच्या वेळी, स्नायूत टोचून ठेवलं तर किती बाळंतिणी वाचतील, हे आता काही देशांत मोठ्या चाचण्यांमधून तपासलं जात आहे.